रेषेबाहेरची एक वीत

रस्ता रुंद व्हायला हवा, असं उघड म्हणणारी आमच्या गल्लीत मी एकटीच होते, आणि त्या रुंदीत जाणार होतं ते आमचंच दुकान. त्यामुळे मला शहाणं कुणी म्हणत नव्हतं.

गल्ली बेंगळूरच्या जुन्या पेटेतली, म्हणजे पेठेतली, मार्केटपासून चालत सात-आठ मिनिटांवर. एका बाजूला ओळीने आठ घरं मराठी शिंप्यांची. समोर भांड्यांची दुकानं आणि त्यांच्या मधोमध एक देऊळ. आमच्या बाजूची सगळी घरं एकाच बांधणीची, अरुंद आणि लांबच लांब. रस्त्याला लागून दगडी ओटा, त्याला तिकडे जगली म्हणतात. मग दुकानाची खोली, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि शेवटी विहिरीचं अंगण नि मागची बोळ.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे, मीही अण्णाच म्हणे. कापड बेतायचं आणि कापायचं ते अण्णांनी. माझा नवरा मशीनवर बसे. बायकांचे ब्लाऊज आणि मुलींचे परकर मी माजघरात शिवत असे. या घराचं मराठी पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहून अर्धं कानडी झालेलं. मी बेळगावची, कानडी मला येत होतंच. पण "सूनबाई, स्वल्प सर गे", म्हणजे जरा सरक, हे एका वाक्यात ऐकायला मला सुरुवातीला गंमत वाटायची. माझ्या नवऱ्याचा आवडता शब्द 'सरी', म्हणजे बरं. वडील बोलले की सरी, मी बोलले की सरी. दोघं उलट बोललो तरी दोघांना सरी. भांडण असं आमच्या घरात व्हायचंच नाही. पण निर्णयही व्हायचा नाही.

रस्त्याबद्दलचं माझं मत मी वर्तमानपत्रातून उचललेलं नव्हतं. दुसऱ्या मुलीच्या वेळी मला कळा सुरू झाल्या, नवऱ्याने जटका आणला, आणि घोडा वीस पावलं गेल्यावर थांबला. पुढे कापसाच्या गाठींची बैलगाडी, तिच्यापुढे सिटी बस, बससमोर उलट्या बाजूने आलेली रॉकेलची गाडी. मागे कोणी जाईना. बसचा ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढत होता. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग उतरले आणि किल्ल्याजवळच्या बायकांच्या इस्पितळापर्यंत चालत गेले. पोचले आणि मुलगी झाली. नवरा नंतर म्हणाला, जटका तेव्हा अजून गल्लीतच होता. त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं.

पालिकेची माणसं साखळी आणि लाल रंगाचा डबा घेऊन आली ती पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत, जेव्हा शहराला रोज नवीन बस आणि रोज नवीन माणसं येत होती. देवळाला हात लावायचा नाही असं ठरलेलं, म्हणून सगळी रुंदी आमच्या बाजूने घ्यायची होती. नऊ फूट. आमची जगली चार फूट, दुकानाची खोली दहा. म्हणजे जगली पूर्ण गेली आणि खोलीतले पाच फूट गेले. उरले पाच. जमिनीवर लाल रेघ ओढून ओव्हरसियरने, म्हणजे पालिकेच्या देखरेख करणाऱ्या माणसाने, सगळ्यांना कानडीत समजावून सांगितलं: महिन्याभरात ज्याने त्याने आपली बाजू आपण पाडून घ्यावी, दगड-लाकूड आपलं आपण ठेवावं. नाही पाडली तर पालिका पाडेल आणि सामान घेऊन जाईल. ज्यांना इथे राहायचं नाही त्यांना बदल्यात जयनगरच्या नव्या वसाहतीत जागा मिळेल. त्यासाठी अर्ज भरायचा, त्यालाही मुदत.

अण्णांनी अर्ज आणून मशीनच्या खणात ठेवला. "जगली नाही तर दुकान नाही," ते म्हणाले. "जयनगरला जाऊ."

"सरी," नवरा म्हणाला.

मला भीती होती ती हीच. अण्णा पासष्टीला आले होते. गिऱ्हाईक त्यांच्याकडे यायचं ते येता-जाता. मार्केटला आलं, वकील कोर्टातून परत निघाला, की जगलीवर टेकायचं, कापड टाकायचं, चार गोष्टी बोलायच्या. हे जयनगरला कुठून येणार? अण्णा तिथे चार दिवस बसतील आणि मग बसायचं सोडतील. शिंप्याने एकदा बसायचं सोडलं की तो पुन्हा बसत नाही, हे मी माहेरी माझ्या चुलत्यांचं पाहिलं होतं.

पण नुसतं 'मला वाटतं' म्हणून चालणार नव्हतं. एका बुधवारी शिवलेल्या कपड्यांचं एक गठडं काखेत घेऊन मी जयनगरला गेले. रिकाम्या हाताने गेलं की कुठलीही बस बरी वाटते, म्हणून गठडं. मार्केटजवळ बससाठी पाऊण तास उभी राहिले. कंडक्टरने गठड्याकडे पाहून, "त्याला बसायला जागा मागणार नाही ना?" असं विचारलं. शेवटच्या थांब्यावर उतरून पुढे चालत गेले. रस्ते मात्र असे की चार गाड्या शेजारी शेजारी जाव्यात. त्यातल्या एकावर मधोमध एक म्हैस बसली होती, आणि तिला उठवायला कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना नंबर घातलेले दगड. मधूनच एखादं घर.

एका घरापुढे एक पेन्शनर गृहस्थ झाडांना पाणी घालत होते. त्यांना विचारलं, "आपण कपडे कुठे शिवता?"

"पेटेत. दुसरीकडे कुठे?"

"इथे चांगला शिंपी आला तर?"

त्यांनी झारी खाली ठेवली आणि घराकडे एकदा बघून घेतलं. "बाई, शिंप्याचं निमित्त आहे म्हणून महिन्यातून एकदा पेटेत जायला मिळतं. तेवढं तरी राहू द्या."

मला हवं ते उत्तर मिळालं. परत यायला दीड तास लागला. घरी येऊन जे पाहिलं ते सांगितलं: रस्ता व्हायलाच हवा आणि आपण इथेच राहायला हवं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि अर्ज खणातच ठेवला.

समोरच्या भांडेवाल्या अक्का दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. त्यांच्या बाजूला रेघ नव्हती, त्यामुळे त्यांना सगळ्यांची काळजी करायला वेळ होता.

"काय वैनी, पालिकेनं पगार लावलाय म्हणे तुला?"

"लावला की पहिलं पातेलं तुमच्याकडून घेईन, अक्का."

"हसू नको. सासऱ्याच्या जगलीवर नांगर फिरवायला निघालीस. रस्ता हवा म्हणे! रस्ता काय खायचा?"

"रेघ तुमच्या दारात पडली असती तर तुम्ही मला विचारायला आला नसता. ओव्हरसियरच्या घरी जाऊन बसला असता."

"बसले असते की," अक्का म्हणाल्या. "लाडवांचा डबा घेऊन बसले असते." आणि स्वतःच हसल्या.

आठही घरांनी आपली बाजू आपणच पाडायचं ठरवल्यावर प्रश्न आला मोजायचा. ओव्हरसियरची लाल रेघ बैलांच्या पायांनी आणि गल्लीतल्या धुण्याने आठवड्यात पुसट झाली होती. आठ घरांतल्या कोणाचाही साखळीवर विश्वास नव्हता. विश्वास होता तो अण्णांच्या टेपवर. गल्लीतले निम्मे लोक त्यांच्याच हाताखाली कापायला शिकलेले. अण्णा सकाळी आंघोळ करून, टेप गळ्यात आणि खडू कानावर असे निघाले, देवळाच्या पायरीपासून माप धरलं, आणि एकेका घरापुढे शिंपीखडूने रेघ मारत गेले. गवंडी आणि त्याचे गडी मागोमाग. पंधरा दिवसांत आठ जगल्या गेल्या, नव्या जागी दगडाचं जोतं बसलं, त्यावर दुकानाच्या फळ्यांची चौकट उभी राहिली. धूळ खूप झाली. ती सगळी मीच झाडत होते, तेव्हा त्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे: धूळ खूप झाली, पण काम सुबक झालं.

महिन्याच्या शेवटी ओव्हरसियर पुन्हा साखळी घेऊन आला. पहिल्या घरापुढे मोजलं, कपाळाला आठी घातली. दुसऱ्या घरापुढे मोजलं. आठही घरं मोजून झाल्यावर तो परत आमच्या दारात आला आणि मोठ्याने म्हणाला, "एक वीत! प्रत्येक घर एक वीत पुढे आहे. एखादा चुकला तर मी समजतो. आठ जण एकाच मापाने चुकतात? हे ठरवून केलंय. मी वर लिहिणार. जागा बळकावली म्हणून लिहिणार."

शेजारचे शिंपी जमले. सगळे अण्णांकडे बघायला लागले. आणि अण्णा अगदी शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. एक वीत सोडलीच आहे."

"का सोडली?"

"का म्हणजे? कापताना रेघेवर कोण कापतो? रेघेच्या बाहेर सोडावं लागतं."

ओव्हरसियरला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तो वहीत लिहायला लागला. मी पाहिलं की हे आता आठ घरांवर येणार. आत गेले, टांगलेली एक तयार विजार काढली, उलटी केली आणि त्याच्यापुढे धरली.

"साहेब, ही मागची शिवण बघा. आत हे दीड इंच कापड दाबलेलं आहे, ते कशाला?"

"कशाला?"

"माणसाचं पोट सुटतं. चार वर्षांनी उसवून मोठी करता येते. रेघेवर कापलं असतं तर विजार टाकून द्यावी लागली असती. आमच्यात लहानपणापासून हेच शिकवतात. जास्त राहिलेलं दाबता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही. कापडाला चार बोटं सोडतात. दगडाला अण्णांनी वीत सोडली. आठ घरांनी त्यांचंच माप घेतलं. यात बळकावणं कुठे आलं?"

ओव्हरसियरचा हात नकळत स्वतःच्या पट्ट्याकडे गेला. गृहस्थ पोटाने भरलेले होते. मागे उभा असलेला गवंडी हसला, आणि मग ओव्हरसियरही थोडासा हसला.

"बाई, विजारीचं ठीक आहे. रस्त्याला काय पोट सुटतं?"

"सुटतं की," मी म्हटलं. "तेच मोजायला तर तुम्ही आलात."

यावर सगळी गल्ली हसली. तो हसण्यावारी नेऊन म्हणाला, वर लिहीत नाही, पण चार दिवसांत आठही विती आत गेल्या पाहिजेत. रस्त्याच्या पोटाचं मी मनापासून बोलले होते, आणि आजही मला तेच वाटतं. नऊ फूट घेतले ते त्या दिवशी जेवढ्या बस होत्या तेवढ्यांसाठी घेतले. उद्याच्या बससाठी चार बोटंसुद्धा सोडली नाहीत. मी हे लिहितेय तेव्हा त्या घटनेला बारा-तेरा वर्षं झाली आहेत, आणि मल्लेश्वरमच्या गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून बसने परत येताना मार्केटच्या अलीकडे मी रोज उतरून चालायला लागते, कारण बसपेक्षा मी लवकर पोचते. आता म्हणे पुन्हा मोजणार आहेत. यावेळी देवळाकडूनही.

पण त्या दिवशी मला वेगळाच घोर लागला. आत आल्यावर मी टेप काढला आणि आमची खोली मोजली. अण्णांचं कापायचं टेबल साडेचार फूट रुंद. सुटाचं कापड पूर्ण पसरून कापायचं तर तेवढं लागतंच. खोली वीत धरून पावणेसहा फूट होती. टेबलामागे सव्वा फूट उरत होता, आणि अण्णा सडपातळ, ते त्यात उभे राहू शकत होते. आता ती वीत गेली की खोली पाच फूट. टेबल मावणार होतं, अण्णा मावणार नव्हते.

बाकीच्या सात घरांत वीत सोडली ती सवय होती. आमच्या घरात ती सवय होती की गरज होती, हे मी अण्णांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "माप ते माप." एवढंच.

दुसऱ्यांदा पाडलं. अण्णा टेबलापाशी जाऊन उभे राहिले, आडवे वळले, पोट आत घेतलं, आणि परत बाहेर आले. नवरा म्हणाला टेबल लहान करून घेऊ. अण्णा म्हणाले, "टेबल लहान करशील, कापड लहान करशील का?" मी म्हटलं, मधली भिंत पाडू या. माजघर आणि दुकान यांच्यामधली. त्यात दार होतंच मधोमध. ते दोन्हीकडे वाढवायचं आणि टेबल पार रस्त्याच्या कडेपर्यंत पुढे लावायचं. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहील, अण्णा माजघरात उभे राहतील.

"माजघरात देव आहेत," अण्णा म्हणाले. "देवांकडे पाठ करून विजारी कापू?"

"देव उजव्या हाताला येतात. पाठ होत नाही. मोजलंय मी."

"ती भिंत माझ्या बापानं बांधली."

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी खणातून अर्ज काढला, चष्मा लावला आणि सही केली. नवऱ्याच्या हातात दिला. "परवा शेवटची तारीख आहे. देऊन ये."

"सरी," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. अण्णा महिन्यातून एका मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जात. तेव्हा ते शहराबाहेर होतं. बस बसवनगुडीच्याही पलीकडे थोड्या अंतरावर सोडायची, मग शेतांतून चालायचं. सकाळी निघालेले दुपारी तीनच्या आधी परत येत नसत. ते गल्लीच्या टोकाला वळले आणि मी शेजारी काम करणाऱ्या गवंड्याला बोलावलं.

नवरा दारात उभा होता. "अण्णांना विचारलंस?"

"नाही."

"विचारायला नको?"

"विचारलं तर नाही म्हणतील. आणि एकदा नाही म्हटलं की ते परत घेत नाहीत. पाडलेली भिंत पुन्हा बांधायची असेल तर आल्यावर सांगतील. तुमचं म्हणणं काय आहे?"

तो भिंतीपाशी गेला. मग त्याने सदरा काढून खुंटीला लावला आणि पहार उचलली. लग्नानंतर पहिल्यांदाच तो काही न म्हणता काम करताना मी पाहिला.

देव मी ओल्या फडक्याने झाकले. दोन वाजेपर्यंत भगदाड झालं, वर लाकडी तुळई बसली, टेबल पुढे सरकलं. ते इतकं घट्ट बसलं की पुढून घरात यायला वाटच राहिली नाही. दुकानात शिरायचं तर आता मागच्या बोळातून, विहिरीवरून, स्वयंपाकघरातून यायचं. माझ्या ब्लाऊजवाल्या बायकांनाही तोच रस्ता, आणि त्यातल्या काही पुढे आल्याच नाहीत. ते नुकसान मी आधी धरलेलं नव्हतं. ते माझं चुकलं.

अण्णा आले. हातात प्रसादाची पुडी. रस्त्यावर उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं. पुडी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. मग समोर अक्कांकडे जाऊन एक स्टूल मागून आणलं, आणि आमच्या दुकानापुढे रस्त्यावर, गिऱ्हाइकासारखे, पाठ आमच्याकडे करून बसले. संध्याकाळी जेवायला आत आले ते बोळातून, तेही मान खाली घालून. सही केलेला अर्ज नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. तो मी काढून घेतला नाही. भिंत मी पाडली होती. अर्ज अण्णांचा होता.

बुधवार अर्जाचा शेवटचा दिवस, आणि सकाळी ते पुन्हा स्टुलावर. दहाच्या सुमाराला त्यांचे एक जुने वकील घाईघाईने आले, काखेत काळं कापड. "अण्णा, शनिवारी मोठी केस आहे. जुना कोट पाठीत फाटला. कराल ना?" मग भगदाडाकडे बघून म्हणाले, "हे काय नवीन? बरं आहे की. टेबल रस्त्यावरच आलं." आणि कापड सरळ टेबलावर पसरलं.

अण्णांनी स्टुलावरूनच हात लांब करून कापड चिमटीत धरलं. पोत पाहिला. वकिलांचं माप त्यांना पाठ होतं, पण त्यांनी टेप लावून पुन्हा घेतलं, छाती, पाठ, बाही. मग खडू हातात घेतला आणि टेबलाच्या रस्त्याकडच्या बाजूने रेघ मारून पाहिली. त्या बाजूने हात उलटा पडत होता. त्यांनी खडू कानावर ठेवला, वकिलांना म्हणाले, "बसा, आलो," आणि चालायला लागले.

मला ते दिसेनासे झाले. गल्लीच्या टोकाला वळून, बोळातून, विहिरीवरून यायला त्यांना तीन-चार मिनिटं लागली असतील. नवऱ्याने मशीन थांबवलं होतं. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते, सूप आणि दोन डबे वाटेतच मांडलेले. अण्णा दारात आले, पाय धुतलेले. मी सूप बाजूला ओढलं.

"असं वाटेत काही मांडत जाऊ नको," ते म्हणाले. "मला रोज यायचंय इथून."

आणि ते आत जाऊन टेबलामागे उभे राहिले.